नकाशावरून दुकानांची यादी : विक्रीसाठी माहिती गोळा करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑनलाइन नकाशावरून स्थानिक दुकानांची माहिती काढून गिऱ्हाईक शोधणाऱ्या छोट्या पुरवठादारांसाठी हे पान आहे. मोघम बोलण्यापेक्षा एकच धंदा समोर ठेवला आहे : कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी पट्ट्यातल्या बेकऱ्या आणि मिठाईच्या दुकानांना खोके, पिशव्या, बटर पेपर विकणारा. तुम्ही वजनकाटे विकत असाल किंवा बिलिंग मशीन, तर बेकरीच्या जागी तुमचं गिऱ्हाईक धरा.

नकाशावरून यादी काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

नकाशात ‘बेकरी राजारामपुरी’ (राजारामपुरी हा कोल्हापुरातला भाग) असं शोधलं की टिपके उमटतात. प्रत्येक टिपक्यामागे नाव, पत्ता, फोन, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, फोटो आणि लोकांचे अभिप्राय असतात. त्यातलं आपल्या कामाचं तेवढं तक्त्यात ओळीनं मांडायचं. यात अवघड काही नाही. अवघड आहे ते कोणतं दुकान यादीत घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हे ठरवणं.

एका क्लिकमध्ये दहा हजार नंबर काढून देणारं सॉफ्टवेअर मिळतं. घेऊ का?

मिळतं, आणि स्वस्तही मिळतं. पण दहा हजार नंबरांचं तुम्ही करणार काय? एका माणसानं दिवसभरात चाळीसेक नीट फोन केले तरी घसा बसतो. शिवाय सॅम्पल पोचवायला गाडी लागते, आणि माल दिल्यावर उधारी वसूल करायला परत तीच गाडी. ही सॉफ्टवेअरं आकड्यावर विकली जातात, म्हणून आकडा फुगवतात. त्यात बंद पडलेली दुकानं असतात, ‘बेकरी’ शब्द नावात असलेले कपड्यांचे ब्रँड असतात, एकच दुकान तीन वेळा असतं.

ब्राउझरमध्ये बसणारं फुकटचं एक्स्टेन्शन असेल तर आणखी सांभाळून. बसवताना ते कोणकोणत्या परवानग्या मागतं ते वाचा. ‘सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचणे व बदलणे’ असं लिहिलं असेल, तर त्याच ब्राउझरमध्ये तुमचं बँकेचं पानही उघडतं हे ध्यानात ठेवा.

हे कायद्यात बसतं का?

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा : कंपनीच्या अटी आणि देशाचा कायदा.

गूगलच्या अटींत संदिग्धता नाही. नकाशातला मजकूर घाऊक उतरवून घ्यायला सामान्य वापरकर्त्याला मनाई आहे. एपीआय (आपल्या प्रोग्रामनं गूगलकडून थेट माहिती मागवायची सोय) वापरणाऱ्यांसाठीच्या अटी तर आणखी स्पष्ट आहेत : व्यवसायांची नावं, पत्ते आणि अभिप्राय कॉपी करून साठवणं हे निषिद्ध कृतीचं उदाहरण म्हणूनच तिथे दिलं आहे. त्यामुळे ‘सगळ्यांना दिसतंय, मग घेतलं तर काय बिघडलं’ हा बचाव गूगलपुढे चालत नाही. खातं बंद होऊ शकतं. त्याच खात्यावर तुमच्या दुकानाची नोंद आणि ईमेल असेल, तर तो फटका छोटा नसतो.

कायद्याकडे आलं तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ पाहावं लागतं. मालकाच्या परवानगीशिवाय संगणक प्रणालीतून डेटा उतरवला, कॉपी केला किंवा काढून घेतला तर त्यात भरपाईची तरतूद आहे. तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या विषयावर बोलताना अमेरिकेतल्या हायक्यू विरुद्ध लिंक्डइन खटल्याचा दाखला हमखास दिला जातो. हायक्यू ही कंपनी लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या ओळखींच्या संकेतस्थळावरची सार्वजनिक माहिती उतरवून घ्यायची. सार्वजनिक पानांच्या बाबतीत तिथल्या अपील न्यायालयानं हायक्यूच्या बाजूनं कौल दिला होता, हे खरं. पण पुढे २०२२ मध्ये अटी मोडल्याच्या मुद्द्यावर निकाल हायक्यूच्या विरोधात गेला आणि कंपनीनं पाच लाख डॉलर देण्याचं मान्य करून प्रकरण मिटवलं. हा दुसरा भाग सॉफ्टवेअर विकणारे सांगत नाहीत.

मग नकाशा वापरायचाच नाही का?

वापरायचा, पण फिरतीची आखणी करायला. कोणत्या गल्लीत दुकानं दाट आहेत, कोणती सकाळी लवकर उघडतात, एका फेरीत कोणती बसतात हे पाहायला नकाशासारखी दुसरी सोय नाही. दुकानाची पक्की माहिती मात्र दुकानाकडून घ्या : पाटीवरून, व्हिजिटिंग कार्डावरून, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा बिलावरून. अशी यादी तुमच्या मालकीची असते. ती कुणाच्या अटींवर अवलंबून राहत नाही आणि नकाशातल्या यादीपेक्षा जास्त बरोबर असते.

राजारामपुरीचंच घ्या. गल्ल्यांना आकडे आहेत, त्यामुळे पहिलीपासून सुरुवात करून ओळीनं पुढे जाता येतं. एक माणूस फोनवर नकाशा उघडून चालतो, दुसरा वहीत उतरवतो : पाटीवरचं नाव, काउंटरवर दिसणारे खोके छापील आहेत की कोरे, आणि गल्ल्यावर मालक बसतो की नोकर. छापील खोका दिसला की समजायचं, याला आधीच कुणीतरी पुरवतंय, आणि खोक्याच्या तळाशी बहुतेक वेळा छापणाऱ्याचं नावही असतं. हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या रकान्यात येत नाही.

एपीआय घेतला तर काय मिळतं आणि खर्च किती?

प्लेसेस एपीआय हा गूगलचा अधिकृत रस्ता. शब्दानं शोधलं तर एका पानावर २० आणि एका शोधात जास्तीत जास्त ६० ठिकाणं मिळतात. ‘जवळपासची ठिकाणं’ प्रकारात २०च. म्हणून ‘बेकरी कोल्हापूर’ असं एकदाच विचारून अख्खं शहर हाती लागत नाही. पेठा-उपनगरं पाडून विचारावं लागतं : शाहूपुरी वेगळी, लक्ष्मीपुरी वेगळी, कसबा बावडा वेगळा.

तुम्ही कोणते रकाने मागता यावर पैसे ठरतात. नुसता ओळख क्रमांक (प्रत्येक ठिकाणाला गूगलनं दिलेला) आणि पत्ता स्वस्तात मिळतो. फोन, वेबसाइट, वेळा, तारांकन मागितलं की वरच्या पायरीचा दर लागतो. भारतातले दर १ ऑगस्ट २०२४ पासून ७० टक्क्यांपर्यंत उतरले. मार्च २०२५ पासून २०० डॉलरची सरसकट मासिक सवलत जाऊन प्रत्येक सेवेला स्वतंत्र मोफत मर्यादा आली. छोट्या कामाला ती बहुधा पुरते. तरी खात्यात दैनंदिन मर्यादा घालून ठेवा, नाहीतर चुकीच्या कोडनं रात्रभर चक्कर मारली की सकाळी बिल दिसतं.

साठवणुकीचा नियम कडक आहे. अक्षांश-रेखांश ३० दिवसांपर्यंत ठेवता येतात. ठिकाणाचा ओळख क्रमांक मात्र कायमचा ठेवायला मुभा आहे. म्हणून तुमच्या वहीत तो क्रमांक ठेवा आणि पुढे स्वतः गोळा केलेली माहिती लिहा. गूगलचे ताजे तपशील हवे तेव्हा त्या क्रमांकावरून पुन्हा मागवता येतात.

ईमेल का मिळत नाही?

कारण गूगल नकाशात ईमेलचा रकानाच नाही. ‘ईमेलसकट’ यादी देणारे दुकानाच्या वेबसाइटवरून तो उचलतात किंवा अंदाजानं बनवतात. आपल्याकडच्या बेकरीला ईमेल पाठवून खोक्यांची ऑर्डर येईल या भ्रमात राहू नका.

मोकळेपणानं वापरता येईल असा डेटा आहे का?

आहे. २००४ मध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून भरलेला नकाशा. त्यातला डेटा उतरवून घ्यायला परवानगी आहे. अट एवढीच की श्रेय द्यायचं, आणि त्यात भर घालून तयार केलेला डेटासंच लोकांपुढे आणलात तर तो त्याच परवान्याखाली द्यायचा. ओव्हरपास टर्बो या साधनावर ‘शॉप’ आणि ‘बेकरी’ ही जोडी टाकली की चौकटीतल्या नोंदी फाइलमध्ये मिळतात. तक्रार एकच : आपल्याकडे रस्ते, देवळं, शाळा बऱ्यापैकी भरलेल्या आहेत, दुकानं विरळ. मुंबई-पुण्याबाहेर तर फारच विरळ, आणि फोन नंबर क्वचित.

ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन डिसेंबर २०२२ मध्ये अॅमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून उभं केलं. त्यांचा ठिकाणांचा डेटासंच मोफत आहे आणि परवानाही सैल आहे. फोरस्क्वेअरनं नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा कोटींहून जास्त ठिकाणांचा संच अपाची या मुक्त परवान्याखाली खुला केला. दोन्हींत शिळा माल भरपूर आहे, हे धरून चाला. पहिली गाळणी म्हणून ठीक. भारतीय कंपनीकडून घ्यायचं तर मॅपमायइंडियाचा मॅपल्स आहे, त्याच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात.

‘बेकरी’ शोधलं की निम्मी दुकानं सुटतात. असं का?

कारण नकाशात दुकान कोणत्या वर्गात बसवायचं हे दुकानदार ठरवतो किंवा रस्त्यानं जाणारा कुणीतरी ठरवतो. खोके वापरणारं दुकान ‘स्वीट मार्ट’ असेल, ‘स्वीट होम’ असेल, ‘केक शॉप’, ‘फरसाण’, ‘डेअरी’, ‘दुग्धालय’, ‘मिठाईवाले’ यांपैकी काहीही असेल. डेअरी तर विसरूच नका. पेढे, बासुंदी, श्रीखंड विकणारी डेअरी सणासुदीला बेकरीपेक्षा जास्त खोके उचलते, आणि नकाशात ती दुधाच्या वर्गात पडलेली असते.

प्रत्येक शब्द मराठीत एकदा आणि इंग्रजी स्पेलिंगनं एकदा शोधा. निकाल सारखे येत नाहीत. ‘स्वीट्स’ची स्पेलिंगं तर मोजू नयेत इतकी आहेत.

गावांच्या नावांचंही तेच. २०२३ पासून औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. दुकानदारांनी नोंदी आपापल्या सवडीनं बदलल्या, काहींनी बदलल्याच नाहीत. पत्त्यावरून गाळणी लावायची असेल तर दोन्ही नावं धरा, किंवा सरळ पिनकोड धरा. पिनकोडचं बारसं कुणी केलेलं नाही.

एकच दुकान दोन-तीनदा येतं. नावावरून डुप्लिकेट काढून टाकू का?

नाही! नावावरून काढायला गेलात तर सगळ्या अय्यंगार बेकऱ्या एका फटक्यात एक होतील. महाराष्ट्रात गावोगाव अय्यंगार बेकरी दिसते, पण ती एका मालकाची साखळी नाही. वेगवेगळी कुटुंबं आपापली दुकानं चालवतात, यातली बरीच मूळची कर्नाटकातल्या हासन भागातली. प्रत्येकाची खरेदी वेगळी, म्हणजे तुमच्यासाठी प्रत्येक स्वतंत्र पार्टी. कोल्हापुरात ‘महालक्ष्मी’ आणि ‘अंबाबाई’ नावाच्या दुकानांचं वेगळं सांगायला नको.

फोन नंबर जुळला आणि जागाही पन्नासेक मीटरच्या आत असली तरच एक धरा. नंबर एक पण जागा वेगळ्या, तर ती शाखा असते. शाखांची खरेदी एकाच ठिकाणाहून होते, म्हणून त्या पुसू नका, एका मालकाखाली बांधा. कोल्हापुरात पत्त्यातलं ‘ई वॉर्ड’, ‘सी वॉर्ड’ आणि सिटी सर्व्हे नंबर जुळतो का तेही पाहा. तो नंबर पाटी बदलली तरी बदलत नाही.

दुकान चालू आहे की बंद, घरबसल्या कसं कळेल?

‘कायमचे बंद’ अशी खूण असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर शेवटचा अभिप्राय आणि शेवटचा फोटो कधीचा आहे ते पाहा. वर्षभरात काहीच हालचाल नसेल तर शंका घ्या. ज्या नोंदीवर ‘हा धंदा तुमचा आहे का?’ असं मालकी सांगण्याचं आमंत्रण अजून दिसतं, ती मालकानं हाती घेतलेलीच नाही, म्हणजे तिथला नंबरही दुसऱ्या कुणी टाकलेला असू शकतो. स्ट्रीट व्ह्यू (नकाशातले रस्त्यावरून काढलेले फोटो) भारतात जुलै २०२२ मध्ये आला. जिथे आहे तिथे पाटी दिसते, पण फोटोची तारीख पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

एक्सेलमध्ये फाइल उघडली की मराठी नावांचा कचरा होतो.

सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली मजकूर फाइल) दोनदा टिचकी मारून उघडू नका. एक्सेल आधी उघडा, ‘डेटा’ टॅबमधून मजकूर फाइल आयात करा आणि एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा. त्याच वेळी फोनचा रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करा. नाहीतर ०२३१ मधलं पुढचं शून्य उडतं, आणि ९१ लावलेला मोबाइल नंबर ९.१९ई+११ असा दिसायला लागतो. तो तसाच जतन करून पुन्हा उघडला की मागचे आकडे परत येत नाहीत.

लँडलाइन आणि मोबाइल वेगळे करायचे तर : भारतातला मोबाइल दहा आकडी, ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होणारा. कोल्हापूरचा कोड ०२३१, सांगलीचा ०२३३, इचलकरंजीचा ०२३०. लँडलाइन अजून ठेवलेलं दुकान जुनं आणि स्थिर असतं असा आमचा अनुभव, पण उचलणारा बहुतेक वेळा नोकर असतो.

मालक कोण आणि धंदा केवढा, हे कसं ओळखायचं?

दुकानाच्या दर्शनी पाटीवर जीएसटी क्रमांक लावणं नोंदणी असलेल्यांना बंधनकारक आहे. १५ आकडी-अक्षरी क्रमांकातले पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा स्थानं म्हणजे पॅन, आणि पॅनमधलं चौथं अक्षर मालकीचा प्रकार सांगतं : ‘पी’ म्हणजे एकट्याचा धंदा, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘सी’ म्हणजे कंपनी. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकटात दिसतं. उधारीवर माल देण्याआधी एवढं पाहायलाच हवं. रद्द नोंदणीवाल्याला बिल फाडून नंतर रडण्यात अर्थ नाही.

खाद्यपदार्थांच्या दुकानात आणखी एक सोय आहे, बिलावर छापलेला १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक. १ नं सुरू होत असेल तर परवाना, २ नं सुरू होत असेल तर छोट्यांसाठीची नोंदणी. पाव किलो पेढे घ्या, बिल मागा, दोन्ही क्रमांक हातात.

यादीतल्या सगळ्यांना फोन लावले तर चालेल?

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार जाहिरातीचे घाऊक फोन आणि संदेश नोंदणी करून, १४० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून आणि डीएनडी यादी (जाहिरातीचे फोन नकोत म्हणणाऱ्यांची) गाळून करायचे असतात. साध्या दहा आकडी मोबाइलवरून ही कामं करणारा बिगरनोंदणी टेलिमार्केटर ठरतो. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी पुरेशा आहेत. पहिल्यांदा पंधरा दिवस तुमच्या नावावरच्या सगळ्या जोडण्यांवरून बाहेर जाणारे फोन बंद, पुन्हा घडलं तर वर्षभर सगळ्याच जोडण्या तोडल्या जातात. धंद्याचा नंबर वर्षभर बंद म्हणजे काय, ते सांगायला नको.

म्हणून आधी दुकानात जा, कार्ड घ्या, ‘रेट पाठवू का?’ असं विचारा, मग फोन करा. वेळ सकाळी अकरा ते साडेबारा. त्याआधी पाव-ब्रेडची गडबड असते, संध्याकाळी काउंटरवर गर्दी. बोलणं साधं ठेवा : ‘शेठ, परवा दुकानात येऊन गेलो होतो. अर्ध्या किलोच्या खोक्याचं सॅम्पल आणलंय, पाच मिनिटं द्याल का?’ ‘आमची कंपनी अग्रगण्य आहे’ म्हणालात की पलीकडून फोन ठेवला जातो, आणि योग्यच होतं.

व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट टाकला तर?

अॅपमधल्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश एकदम अनेकांना पाठवायची सोय) २५६ जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. अनोळखी दुकानदारानं तो जतन केलेला नसतो. मग लोक एकेकाला पाठवत सुटतात, चार जण ‘ब्लॉक’ आणि ‘तक्रार’ दाबतात आणि नंबर बंद होतो. व्हॉट्सअॅपच्या व्यवसाय धोरणात समोरच्याची आधी संमती घ्या असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

दुकानाचा नंबर ही खासगी माहिती धरतात का?

एकट्याच्या मालकीच्या दुकानात गल्ल्यावरचा मोबाइल हा मालकाचा स्वतःचाच नंबर असतो, म्हणजे वैयक्तिक माहिती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये, त्या व्यक्तीनं स्वतः सार्वजनिक केलेली माहिती वगळली आहे. खरी मेख ‘स्वतः’ या शब्दात आहे. नकाशावर नंबर शेजारच्यानं किंवा गिऱ्हाइकानं टाकला असेल तर ही सूट गृहीत धरता येत नाही. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. तोवर निदान एक रकाना वाढवा : नंबर कुठून मिळाला आणि कोणत्या तारखेला. कुणी ‘माझं नाव काढा’ म्हणाला तर काढा.

तयार यादी विकत घेऊ का?

नमुन्याच्या वीस ओळी मागा आणि त्यातल्या तुमच्या ओळखीच्या भागातल्या ओळी तपासा. विकणारा नमुना द्यायला कां-कूं करत असेल तर विषय संपला. तीच यादी तुमच्या स्पर्धकानंही घेतलेली असते, त्यामुळे दुकानदार आधीच वैतागलेला असतो.

यादी किती दिवस चालते?

दर सहा महिन्यांनी चाळावी. खोक्यांच्या धंद्यात यादी गणपतीच्या आधी तयार हवी, कारण दिवाळीचे छापील खोके ऐन दिवाळीत कुणी ठरवत नाही.

नकाशावर नसलेल्या गिऱ्हाइकांचं काय?

ते बरेच असतात. दिवाळीचा फराळ करणारे बचत गट, घरून केक करणाऱ्या बायका, लग्नाच्या ऑर्डरी घेणारे आचारी. यांचा टिपका नसतो, पाटी नसते, सगळा व्यवहार ओळखीवर आणि व्हॉट्सअॅपवर चालतो. केकचं साहित्य विकणाऱ्या दुकानात जाऊन बसा, अर्ध्या दिवसात निम्म्या जणी भेटतील. त्यांना खोके शेकड्यानं द्यायची तयारी असेल तरच विचारा, कारण हजाराची अट घातलीत तर त्या बाजारातून सुटेच घेतील.